शाळा सोडण्याआधी: वर्गाबाहेरचं काम शोधणाऱ्या शिक्षकांसाठी

शाळा सोडून दुसरं काही करावं, असं मनात घोळवणारे शिक्षक आज महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. कुणी विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षं अनुदानाच्या पुढच्या टप्प्याची वाट पाहतंय. कुणी ठरावीक मानधनावर शिक्षण सेवक म्हणून लागलंय. ते मानधन जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार झालं खरं, पण शहरात भाडं भरून त्यात घर चालवणं अवघडच. कुणाचं नाव संचमान्यतेत (पटसंख्येवरून शाळेची शिक्षकपदं ठरतात त्यात) अतिरिक्त म्हणून आलंय. कुणाची झोप सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने उडाली आहे, कारण पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांना त्या निकालाने टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण होण्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. आणि कित्येकांना यातला कुठलाच त्रास नाही. पगार वेळेवर होतो, मुलं आवडतात, तरीही मन दुसरीकडे ओढ घेतं.

या सगळ्यांना कळकळीने एकच सांगायचं आहे. राजीनामा सगळ्यात शेवटी द्यायचा असतो. त्याआधी करायची कामं बरीच आहेत आणि त्यातली बहुतेक नोकरीत राहूनच होतात. शिक्षकाच्या हातात जी विद्या आहे तिला वर्गाबाहेर किंमत आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण घाईने बाहेर पडलेल्याला ती किंमत क्वचित मिळते, म्हणून हा क्रम सविस्तर लिहितो आहे.

पहिली पायरी: नेमकं काय नको झालंय ते शोधा

दोन महिने एक छोटी वही ठेवा. शाळेतून घरी आल्यावर फक्त दोन ओळी लिहायच्या: आज कोणत्या कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही, आणि कोणत्या कामात जीव नकोसा झाला. दोन महिन्यांनी वही सलग वाचली की चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

काहींच्या वहीत नकोसं म्हणून सारखं तेच येतं: युडायसची (शाळांच्या सरकारी नोंदींची) माहिती, शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली), पोषण आहाराच्या नोंदी, बीएलओचं (मतदारयादीचं) काम, तातडीने मागवलेले तक्ते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही, पण प्रत्यक्षात काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तुमचा त्रास हा असेल, तर केंद्रप्रमुख (जवळच्या शाळांच्या गटाचा, म्हणजे केंद्राचा प्रमुख) किंवा विस्तार अधिकारी होऊन तो संपणार नाही. तिथे असे तक्ते भरणं कमी होतं, पण ते शंभर ठिकाणांहून गोळा करणं सुरू होतं.

काहींच्या वहीत माणसं येतात. मुख्याध्यापकांशी पटत नाही, संस्थाचालकांचा हस्तक्षेप, सहकाऱ्यांचे गट. अशांना दुसरा पेशा कशाला हवा? त्यांना दुसरी शाळा हवी. बदलीचा अर्ज, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून पुन्हा निवड, दुसऱ्या बोर्डाची शाळा, या वाटा आधी पाहा. चांगला शिक्षक एका वाईट स्टाफरूममुळे पेशाच सोडून जातो तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

उरलेल्यांच्या वहीत वेगळंच काही दिसतं. नवीन शिक्षकाला पाठ बसवून दिला तो दिवस छान गेला. कृतिपत्रिका तयार करताना रात्रीचा एक वाजला. पालकांशी एका मुलाबद्दल तासभर बोललो आणि थकवा आला नाही. या माणसांना शिक्षणातच राहायचं आहे, फक्त काम बदलायचं आहे. पुढचं सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आणखी एक. बोर्डाचे पेपर तपासण्याच्या दिवसांत किंवा निकालपत्रकांच्या गर्दीत घेतलेला निर्णय दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा तपासून पाहा. तेव्हाही तो तसाच राहिला, तर तो थकव्यातून आलेला नाही.

दुसरी पायरी: हातातली विद्या लिहून काढा

शिक्षकांचा बायोडाटा बहुतेक वेळा असा असतो: डी.एड., बी.एड., अमुक शाळेत १२ वर्षं, इयत्ता पाचवी ते सातवी, विषय गणित. वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. तुम्हाला काय येतं ते तुम्हालाच सांगावं लागेल, आणि त्यासाठी आधी ते ओळखावं लागेल.

एक उदाहरण देतो. मुलगा ५२ मधून २७ वजा करतो आणि उत्तर ३५ लिहितो. शिक्षक नसलेला माणूस म्हणेल, चुकलं. तुम्हाला मात्र दिसतं की त्याने एककाच्या घरात सातातून दोन वजा केले, कारण ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ एवढंच त्याच्या मनात पक्कं बसलंय. त्याला पुन्हा दहा गणितं देऊन उपयोग नाही, दशक सुटा करणं हाताने करून दाखवायला हवं, काड्यांचे गठ्ठे घेऊन. ही जाण पुस्तक लिहिणाऱ्याला हवी असते, ॲप बनवणाऱ्याला हवी असते, शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्यालाही हवी असते. मूल कुठे आणि का अडखळतं हे माहीत असणं, ही तुमच्याजवळची सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. इंग्रजी फाडफाड येत नाही म्हणून खचू नका. इंग्रजी शिकता येतं. ही जाण मात्र मुलांमध्ये वर्षं घालवल्याशिवाय येत नाही.

तेव्हा अशा वीसेक चुका आणि त्यांवरचे तुमचे उपाय लिहून काढा. मराठीचे शिक्षक असाल तर काना-मात्रा गाळणारी मुलं, जोडाक्षरापाशी थांबणारी मुलं, घरी वारली किंवा पावरी बोलणारी आणि शाळेत प्रमाण मराठीसमोर गप्प होणारी मुलं. विज्ञानाचे असाल तर ‘जड वस्तू बुडते, हलकी तरंगते’ असं ठामपणे सांगणारी मुलं.

मग आपल्या कामाचे पुरावे गोळा करा. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी वर्गाची वाचनचाचणी घ्या. ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या सर्वेक्षणात २००५ पासून वापरतात ती पद्धत सोपी आहे: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. जूनमध्ये गोष्ट वाचणारी मुलं किती होती, मार्चमध्ये किती झाली, मधल्या काळात तुम्ही काय केलं, हे एका पानावर मांडलं की ते पान दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतं. मुलांची नावं मात्र त्यातून काढून टाका.

तिसरी पायरी: वाटा पाहून घ्या

सरकारी व्यवस्थेतल्या वाटा सगळ्यांना साधारण माहीत असतात, तरी नीट मांडतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला केंद्रप्रमुखपद पदोन्नतीने किंवा विभागीय मर्यादित स्पर्धा परीक्षेने मिळतं. गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी ही महाराष्ट्र शिक्षण सेवेतली पदं, तिथे लोकसेवा आयोगाची परीक्षा आहे. जाहिरात निघाली की वयोमर्यादेचा रकाना आधी वाचा. यातली खरी शैक्षणिक वाट मला विचाराल तर ‘डाएट’ची आहे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत विषय सहायक म्हणून शिक्षकांना घेतलं जातं, शिवाय प्रत्येक मोठ्या प्रशिक्षणाला सुलभक (सत्रं घेणारे शिक्षक) लागतात. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि बालभारती यांच्या अभ्यासगटांत, समीक्षणाच्या कामात शाळेतले शिक्षक असतात. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एखादा पाठ मनापासून मांडणाऱ्या शिक्षकाचं नाव पुढे जातं. हळू जातं, पण जातं. या वाटेचा मोठा फायदा असा की नोकरी आणि सेवाज्येष्ठता दोन्ही शाबूत राहतात.

दुसरी वाट स्वयंसेवी संस्थांची, आणि तिच्याबद्दल थोडं अधिक बोलायला हवं, कारण शिक्षकांची सगळ्यात मोठी गरज तिथे आहे. मुंबईच्या वस्त्यांमधून सुरू झालेली ‘प्रथम’, पालघर जिल्ह्यातल्या सोनाळे इथली ‘क्वेस्ट’, फलटणची प्रगत शिक्षण संस्था, रमेश पानसे यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली ‘ग्राममंगल’, या संस्थांनी मराठीतून शिकणाऱ्या मुलांच्या वाचन-लेखनावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांचं साहित्य आधी वाचा, त्यांच्या कार्यशाळेला जा. संस्थेत काम म्हणजे बहुधा शिक्षकांसोबतचं काम: शाळाभेटी, वर्गनिरीक्षण, प्रशिक्षणाची आखणी, साहित्यनिर्मिती, नोंदी आणि अहवाल. इथे एक अडचण बऱ्याच जणांना येते. वर्गात तुमचं म्हणणं चाळीस मुलं ऐकतात. शाळाभेटीत तुमच्याहून वयाने मोठे गुरुजी समोर असतात आणि त्यांना तुमचा सल्ला नको असतो. त्यांच्या वर्गात आधी मदत करायची, मग बोलायचं, हे ज्याला जमतं तो या कामात रुळतो.

या नोकऱ्यांचे करार एक-दोन वर्षांचे का असतात, हेही समजून घ्या. यातल्या बऱ्याच कामांचा पैसा कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून येतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करणं बंधनकारक केलं, आणि त्याखालच्या नियमांनी चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांची मर्यादा घातली. त्यामुळे मुलाखतीत ‘हा प्रकल्प कुणाच्या निधीवर आहे आणि तो निधी कधीपर्यंत आहे?’ असं विचारायला संकोचू नका. चांगली संस्था सरळ उत्तर देते.

तिसरी वाट लेखनाची: पाठ्यसाहित्य, कृतिपुस्तिका, व्हिडिओच्या संहिता, प्रश्नपेढ्या, भाषांतर, संपादन. मराठीत हे काम वाढतंय, पण मोबदला असमान आहे. पानामागे किंवा शब्दामागे पैसे मिळतात, आणि पहिल्या वर्षी त्यावर घर चालेल अशी अपेक्षा धरू नका. मराठी साहित्याची एक खोड तुम्ही दुरुस्त करू शकता: पुष्कळ कंपन्या इंग्रजीतला मजकूर जसाच्या तसा मराठीत उतरवून घेतात आणि चौथीच्या मुलाला तो कळत नाही. ‘हे वाक्य माझ्या वर्गातल्या मुलांना कळणार नाही, ते असं हवं’ एवढं म्हणून दोन पर्याय लिहून देणाऱ्या शिक्षकाला पुढचं काम मिळतं.

ऑनलाइन शिक्षणाच्या कंपन्यांबद्दल सावध राहा. ‘ॲकॅडमिक काउन्सेलर’, ‘एज्युकेशन ॲडव्हायजर’ अशी पदं ऐकायला शिक्षकी वाटतात, पण त्यातली बरीचशी विक्रीची असतात: पालकांना फोन करायचे, कोर्स विकायचा, महिन्याचं टार्गेट गाठायचं. विक्री हे प्रामाणिक काम आहे, ज्याला आवडतं त्याने जरूर करावं, पण माहीत असून करावं. या क्षेत्रातली सगळ्यात मोठी मानली गेलेली बायजूज ही कंपनी जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेव्हा कंपनीचा आकार पाहून निश्चिंत होऊ नका.

समुपदेशन आणि विशेष शिक्षण या वाटांवर आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम एक वर्षाचा असून सेवेतल्या शिक्षकांना करता येईल अशा रचनेचा आहे. महाराष्ट्र आणि गोवा भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या कक्षेत येतात. विशेष शिक्षक व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली पदवी-पदविका आणि परिषदेची नोंदणी लागते. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता सांगण्याच्या फ्रँचायझी शिक्षकांना आवर्जून विकल्या जातात. त्याला शास्त्रीय आधार नाही. पालक तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतात, तो विश्वास असा खर्च करू नका.

महाविद्यालयात शिकवायला जायचं असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हवी. पण तासिका तत्त्वावरच्या (तासामागे पैसे मिळणाऱ्या) कामासाठी शाळेतली कायम नोकरी सोडू नका, एवढंच सांगतो. कॉर्पोरेट प्रशिक्षणाबद्दल मला फारसं सांगण्यासारखं नाही. तिथे ओळखी आणि सादरीकरण लागतं, शिक्षकाचा अनुभव थोडासाच कामी येतो.

स्वतःचं काम हीही वाट आहे: क्लास, अभ्यासिका, बालवाचनालय, सुट्टीतली शिबिरं, परदेशातल्या मराठी मुलांना ऑनलाइन मराठी शिकवणं. यात शेवटचं मला विशेष आशादायक वाटतं. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत आणि मराठी घराला मुलाशी मराठी बोलणारी, नीट शिकवणारी व्यक्ती हवी असते. फक्त हे काम शाळेच्या नोकरीतून मोकळं झाल्यावर, कारण पुढची पायरी वाचा.

चौथी पायरी: नोकरीत असतानाच करून पाहा, नियम पाळून

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ स्पष्ट आहे: शिक्षकाला खासगी शिकवणी किंवा खासगी अध्यापन करता येत नाही. तेव्हा ‘आधी संध्याकाळी क्लास काढून बघतो’ हा मार्ग बंद. शासकीय शिक्षकांना १९७९ चे नागरी सेवा वर्तणूक नियम, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६७ चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम आणि खासगी शाळांतल्या शिक्षकांना १९८१ ची सेवाशर्ती नियमावली लागू आहे. साधारण आशय असा की पूर्वपरवानगीशिवाय दुसरा व्यवसाय किंवा नोकरी करता येत नाही. अधूनमधून केलेलं साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय स्वरूपाचं काम, कर्तव्यात बाधा येत नसेल तर, वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. मोबदला मिळणार असेल, यूट्यूबवरून उत्पन्न येणार असेल, तर लेखी परवानगी मागा आणि अर्जाची पोच जपून ठेवा. तोंडी ‘करा हो सर, कोण विचारतंय’ यावर विसंबू नका.

या चौकटीत करता येण्यासारखं पुष्कळ आहे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत पाठ घ्या. डाएटच्या प्रशिक्षणात सुलभक म्हणून नाव द्या. ‘जीवन शिक्षण’सारख्या मासिकात वर्गातल्या प्रयोगावर लेख पाठवा. बालभारतीच्या ‘किशोर’साठी मुलांना वाचायला आवडेल असं काही लिहून पाहा. मे महिन्याच्या सुट्टीत एखाद्या संस्थेच्या शिबिरात विनामोबदला मदत करा. त्यांच्यासोबत आठवडाभर गावोगाव फिरलात की ते काम तुम्हाला झेपतं का, हे कुठल्याही चौकशीपेक्षा लवकर कळतं.

लेखनाची वाट हवी असेल तर तीन नमुने तयार ठेवा: एक मुलांसाठीची कृतिपत्रिका, एक शिक्षकांसाठीची दोन पानी पाठटाचण, आणि पंधरा मिनिटांच्या प्रशिक्षणसत्राचा आराखडा. तिन्ही एकाच संबोधावर केलेत तर वाचणाऱ्याला तुमची खोली दिसते. अपूर्णांक घ्या, क्रियाविशेषण घ्या, काहीही. आराखड्यात ‘शिक्षक इथे काय विचारतील’ आणि ‘मुलं इथे काय चुकतील’ हे दोन रकाने हवेतच.

अध्ययन रजा, असाधारण रजा, प्रतिनियुक्ती आणि धारणाधिकार (मूळ पदावर परत येण्याचा हक्क) हे शब्द आपल्या सेवानियमांत शोधा. जिथे धारणाधिकार राखून जाता येतं, तिथे राजीनाम्याची गरजच पडत नाही. कार्यालयातल्या वरिष्ठ लिपिकाला हे नियम पाठ असतात. त्यांच्याकडे शांतपणे बसून समजून घ्या, आणि मूळ नियम स्वतःही वाचा.

पाचवी पायरी: पैशांचा हिशोब कागदावर

हा हिशोब घरातल्या माणसांसोबत बसून करा. एकट्याने केलेला हिशोब बहुधा एकतर फार घाबरवतो किंवा फार आशा दाखवतो.

आधी पेन्शन. तुमची नियुक्ती १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची असेल आणि जुनी निवृत्तिवेतन योजना लागू असेल, तर ‘राजीनामा’ हा शब्द उच्चारूही नका. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार राजीनाम्याने आधीची सगळी सेवा निवृत्तिवेतनासाठी बाद होते. २० वर्षांच्या अर्हताकारी (पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या) सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, आणि २००५ पूर्वी लागलेल्या बहुतेकांची २० वर्षं आता भरलेली आहेत. दोन्हींचा अर्ज एका पानाचाच असतो, पण आयुष्यभराच्या पेन्शनचा फरक पडतो. दुसऱ्या सरकारी नोकरीत जात असाल तर रीतसर मार्गाने, परवानगी घेऊन राजीनामा द्या, म्हणजे आधीची सेवा बाद होत नाही.

२००५ नंतरच्यांचं राष्ट्रीय पेन्शन योजनेतलं खातं नोकरी सुटल्यावरही चालू ठेवता येतं. ते मोडून पैसे काढायला गेलात तर मुदतीपूर्वी बाहेर पडल्याबद्दल रकमेचा मोठा भाग वार्षिकीत (हप्त्याहप्त्याने पेन्शन देणाऱ्या योजनेत) अडकतो. तेव्हा खातं मोडू नका, पुढे न्या.

खासगी विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांना एक गोष्ट बहुधा कुणी सांगत नाही: ग्रॅच्युइटी तुम्हालाही लागू आहे. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकांना ३ एप्रिल १९९७ पासून हा हक्क मिळाला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. सूत्र सोपं आहे: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. ही बेरीज २६ हजार आणि सेवा ८ वर्षं असेल, तर १ लाख २० हजार रुपये होतात. पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले असतील तर थांबा. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर तो काढून टाकण्याऐवजी नव्या नोकरीत वर्ग करा, कारण त्यातल्या निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते.

मग कर्ज. शिक्षक पतसंस्थेचं कर्ज पगारातून कापलं जातं आणि त्याला सहकारी जामीन असतात. तुम्ही नोकरी सोडली की हप्ते चुकण्याची झळ आधी त्यांना लागते. तसंच तुम्ही कुणाकुणाला जामीन राहिला आहात, त्याची यादी करा. आधी हे मोकळं करा. आपल्यासाठी सही करणाऱ्या माणसाला अडचणीत टाकून गेलेलं तालुक्यात कुणी विसरत नाही.

शेवटी किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा, आणि कुटुंबाचा आरोग्यविमा राजीनाम्याच्या आधी घ्या. घरात दुसरं उत्पन्न नसेल तर सहाऐवजी बारा महिन्यांचा खर्च धरा.

सहावी पायरी: अर्ज आणि मुलाखत

अर्जात पदांची यादी कमी आणि केलेल्या कामाचं वर्णन जास्त हवं. ‘वर्गशिक्षक, इयत्ता तिसरी’ याऐवजी असं लिहा: ‘बहुवर्ग शाळेत पहिली ते चौथी एकत्र शिकवली, चार स्तरांसाठी रोजचं नियोजन केलं, त्यासाठी कृतिपत्रिका तयार केल्या, त्या केंद्रातल्या इतर शाळांनी वापरल्या.’ हे खरं असेल तरच लिहा. संस्था बऱ्याचदा शाळेत फोन करून विचारतात.

मुलाखतीआधी बहुधा एखादं लेखी काम देतात किंवा दहा मिनिटांचं सत्र घ्यायला सांगतात. तिथे शिक्षकांची नेहमीची सवय आडवी येते, ती म्हणजे समोरच्या मोठ्या माणसांनाही वर्गासारखं शिकवणं. बोलण्याआधी त्यांना एखादी कृती करायला द्या, त्यांचं म्हणणं ऐका आणि मग आपली मांडणी करा.

तुम्हीही विचारा. माझ्या कामाचं मूल्यमापन कशावरून होणार? महिन्यातले किती दिवस फिरती? राहण्याची सोय कोण करतं? दुचाकी लागते का, पेट्रोलचे पैसे मिळतात का? करार किती काळाचा? शिक्षिकांनी फिरतीतल्या मुक्कामाची, रात्री परतण्याची चौकशी अगदी नेमकी करावी. संस्थेचं उत्तर गुळमुळीत असेल तर तिथे आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या बाईंशी बोलणं करून देण्याची विनंती करा. आणि नोकरी लावण्यासाठी, प्रशिक्षणासाठी किंवा अनामत म्हणून जो कोणी आधी पैसे मागतो, त्याचा नाद तिथेच सोडा.

सातवी पायरी: राजीनामा आणि कागद

नवं नियुक्तिपत्र हातात आल्यावरच राजीनामा. ईमेलवरचा ‘आम्ही तुम्हाला घेतोय’ पुरेसा नाही. पगार, पद, रुजू होण्याची तारीख आणि कराराचा काळ लिहिलेला कागद हवा.

खासगी शाळांच्या शिक्षकांसाठी १९७७ च्या सेवाशर्ती अधिनियमाचं कलम ७ वाचण्यासारखं आहे. राजीनाम्याच्या दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक व्यवस्थापनाला नोंदणीकृत टपालाने पाठवायची आणि दुसरी आपल्याजवळ ठेवायची. ही तरतूद शिक्षकाच्या संरक्षणासाठी आहे. दबाव टाकून किंवा कोऱ्या कागदावर सही घेऊन ‘राजीनामा’ दाखवण्याचे प्रकार घडू नयेत, हा तिचा हेतू. १९८१ च्या नियमावलीप्रमाणे कायम शिक्षकाने तीन महिन्यांची आणि इतरांनी एक महिन्याची नोटीस द्यायची असते. ही नोटीस शैक्षणिक वर्षाच्या शेवटाशी जुळवता आली तर जरूर जुळवा. दहावीचा वर्ग जानेवारीत सोडून गेलात तर मुलांचं नुकसान होतं, आणि नव्या ठिकाणीही तुमच्याबद्दल तेच पहिल्यांदा ऐकलं जातं.

शाळा सोडण्यापूर्वी हे कागद हातात हवेत: कार्यमुक्तीचा आदेश, अनुभव प्रमाणपत्र, ना-देय प्रमाणपत्र, शेवटचं वेतन प्रमाणपत्र, सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत, शिक्षणाधिकाऱ्यांच्या वैयक्तिक मान्यतेची प्रत. सेवापुस्तकातल्या नोंदी पूर्ण आहेत का, हे स्वतः पान उलटून पाहा. रजा, वेतनवाढ, वरिष्ठ वेतनश्रेणी, नावातला बदल, सगळं. लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांना या शेवटच्या नोंदीपायी फार हेलपाटे पडतात. शाळा सोडून वर्ष झाल्यावर, मुख्याध्यापक बदलल्यावर, हीच नोंद करून घ्यायला कुणाकडे जाणार?

आठवी पायरी: पहिलं वर्ष, आणि परतीचा रस्ता

नव्या कामात पहिले काही महिने चमत्कारिक जातात. घंटा नसते, सुट्ट्या कमी होतात, मे महिना आणि दिवाळी पूर्वीसारखी मिळत नाही. दिवसाच्या शेवटी काय झालं ते लगेच दिसत नाही. वर्गात एखाद्या मुलाचा चेहरा उजळला की कळायचं. इथे अहवाल लिहून झाला तरी कळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा तरी कुठल्यातरी वर्गात जाऊन मुलांसोबत तासभर काम करण्याची व्यवस्था ठेवा, विनामोबदला का होईना. वर्गापासून तुटलेला प्रशिक्षक दोन-तीन वर्षांत जुनीच उदाहरणं सांगू लागतो, आणि समोरच्या शिक्षकांना ते ताबडतोब कळतं.

एखाद्याला वर्षभरात कळतं की आपलं मन वर्गातच होतं. परत येण्यात काही कमीपणा नाही. खासगी शाळांत बाहेरच्या कामाचा अनुभव उपयोगी पडतो. शासकीय आणि अनुदानित शाळेत मात्र नव्याने टेट (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, ही टीईटीहून वेगळी) देऊन पवित्र पोर्टलवरूनच यावं लागेल, तिथे वयोमर्यादा आडवी येते आणि ज्येष्ठता शून्यापासून सुरू होते. हे राजीनाम्याच्या आधीच डोळ्यांसमोर असू द्या. टीईटी आणि सीटीईटीच्या (केंद्र सरकारच्या टीईटीच्या) प्रमाणपत्रांची सात वर्षांची मुदत २०२१ मध्ये काढून टाकली आणि ती आजीवन केली, २०११ पासूनच्या प्रमाणपत्रांसकट. त्यामुळे टीईटी अजून उत्तीर्ण झाला नसाल, तर अभ्यासाची लय आहे आणि मुलं समोर आहेत तोवर, सेवेत असतानाच देऊन टाका.